आधी बर, मग आटे

गेल्या आठवड्यात एका सकाळी शटर अर्धंच वर गेलं होतं, तेवढ्यात एक पोरगं येऊन उभं राहिलं. प्लंबिंगच्या कामाला नवीनच लागलेलं असावं, कारण पिशवीतून डोकावणाऱ्या पाईप पान्याचा लाल रंग अजून शाबूत होता. हातात पाऊण इंची जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाईपचा हातभर तुकडा.

"मामा, असाच एक नवीन करून द्या की. ह्यो चोंदतोय सारखा."

वर टाकी, खाली न्हाणीघर, मधे उभी लाईन. नळाला धार नाही म्हणून त्यानं आधी नळ बदलला, मग स्टॉप कॉक बदलला. घरमालकीण बडबडायला लागल्यावर लाईनच उघडली, तेव्हा या तुकड्यात कचरा सापडला. मी तुकडा घेऊन दारात गेलो, उजेडाकडे धरला आणि एक डोळा लावला. एका टोकाला आतून गोल पट्टी वळून आलेली, दोन मिलिमीटर तरी असेल. टेफ्लॉन टेपचे धागे, गंजाचा चुरा आणि काहीतरी काळपट बुळबुळीत, सगळं त्या पट्टीनं कवटाळून धरलेलं.

"कापल्यावर बर काढली नव्हतीस?"

"बर म्हंजी?"

मागं दुसरं गिऱ्हाईक खोळंबलं होतं. कापताना राहिलेली धारदार कड ती बर, एवढं दोन वाक्यांत सांगितलं आणि कामाला लागलो. रात्री जेवताना वाटत राहिलं की हे दोन वाक्यांचं काम नव्हतं. म्हणून आज बसलोय लिहायला.

माझं दुकान सांगलीत गावभागात. बोर्डवर लिहिलंय, 'जीआय पाईप कापून, आटे पाडून मिळतील'. आटे म्हणजे पाईपच्या टोकाला पाडलेले स्क्रूसारखे पीळ. त्यांचे पैसे घेतो. बर काढायचे घेत नाही, आणि बोर्डवर तिचा उल्लेखही नाही. गिऱ्हाईकाला आटे दिसतात. पाईपच्या पोटात काय आहे ते त्याला दिसत नाही, त्यामुळे त्याचे पैसे मागितले तर तो म्हणणार, हे काय नवीन काढलंय.

मला हे आयटीआयमध्ये शिकवलं होतं, पण डोक्यात शिरलं ते घरी. आमचे अण्णा किर्लोस्करवाडीला फिटर होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या माळावर उभी केलेली ती वाडी. लोखंडी नांगरापासून सुरुवात आणि पुढं पंप. अण्णांच्या बोलण्यात पंपाइतकंच पाईपला महत्त्व असायचं. पंप कितीही चांगला असला तरी पाणी शेवटी पाईपातनंच जातं, असं म्हणायचे. सुट्टीच्या दिवशी गल्लीतल्या कुणाच्या तरी नळाचं काम निघायचंच. पाईप कापला की अण्णा रीमर, म्हणजे आतली कड खरवडायचं धारांचं हत्यार, फिरवायचे, फुंकर मारायचे, आणि मग जुन्या बनियनची चिंधी काडीला गुंडाळून पाईपच्या तोंडात गोल फिरवायचे. कुठं एक सुती धागा जरी अडकला तरी 'अजून हाय' म्हणून परत रीमर. बोट घालून बघू द्यायचे नाहीत. मी आयटीआयला असताना शहाणपणा करून घातलं होतं. उजव्या हाताच्या मधल्या बोटावर अर्धचंद्र अजून आहे.

तर बर म्हणजे काय. धातू कापला की कडेला जो धारदार उरलासुरला पदर राहतो, ती बर. कापायचं हत्यार बदललं की बरेचीही जात बदलते.

आपला नेहमीचा चाकाचा पाईप कटर घ्या. तो करवतीसारखा चुरा काढत नाही. एक फेरा, थोडं आवळ, एक फेरा, थोडं आवळ, असं चाक धातूला दाबत दाबत आत ढकलतं. बाहेरून काप सुरेख दिसतो, एकदम काटकोनात. पण ढकललेला धातू जाणार कुठं? तो आत वळतो. घाई करून जास्त आवळलं तर पट्टी अजून जाड. त्या पोरानं नेमकं हेच केलं होतं. पाऊण इंची मध्यम वजनाच्या पाईपचं आतलं भोक २१.७ मिलिमीटरच्या आसपास. सगळ्या बाजूंनी दोन-दोन मिलिमीटर आत आले की राहिले १७.७. आकडा बघून वाटतं चार मिलिमीटरनं काय होतंय. क्षेत्रफळ काढा, एक तृतीयांश वाट बंद. घरमालकानं पैसे दिले पाऊण इंचीचे आणि पाणी मिळतंय अर्धा इंचीपेक्षा जरासंच बरं. वर तिथं कचरा अडकायला कायमची जागा झाली ती वेगळीच.

हॅक्सॉनं, म्हणजे हाताच्या करवतीनं कापलं तर आत पट्टी येत नाही, पण दोन्ही कडांना बारीक कुसळं राहतात आणि हात हलला की काप तिरपा जातो. तिरप्या कापावर आटे पाडायची डाय तिरपी बसते, मग आटे एका बाजूला खोल आणि दुसऱ्या बाजूला उथळ. अशा पाईपवर एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, आवळला की तो भिंतीकडे न बघता शेजाऱ्याच्या घराकडे बघतो. आणि कटऑफ मशीनचा दगडी चाकाचा काप! वेळ वाचतो हे खरं, पण जळून निळी पडलेली, चिकटलेली अशी बर येते की आधी कानस मारल्याशिवाय डायला तोंडच लागत नाही.

क्रम साधा आहे. कापा, आतली बर रीमरनं काढा, बाहेरची कड कानशीनं जराशी मारून घ्या, म्हणजे डायला पकड मिळते. मग आटे. पुष्कळ जण आधी आटे पाडतात आणि आठवण झाली तर नंतर रीमर लावतात. त्यात वाईट असं की रीमरचा जोर नुकत्याच पाडलेल्या पहिल्या आट्यावर येतो, जिथं पाईपची भिंत सगळ्यात पातळ. उत्साहाच्या भरात रीमर जास्त दाबला तरी पंचाईत. तोंड कर्ण्यासारखं पसरतं, कड सुरीसारखी होते आणि आवळताना तीच चुरगळते. पाईपचं मूळ भोक होतं तेवढंच परत मिळवायचं, त्याहून एक केसही जास्त नको.

रीमरमध्ये दोन जाती माझ्याकडे आहेत. एकाच्या धारा सरळ, दुसऱ्याच्या पिळाच्या. पिळाचा रीमर रॅचेटच्या दांड्याला लावून हातानं फिरवला तर लोण्यासारखा चालतो, स्वतःच आत ओढला जातो. हाच गुण मशीनवर अवगुण होतो. फिरत्या पाईपात तो लावला की स्वतःला आत ओढून अडकतो. मी एकदा करून बघितलं, परत नाही. मशीनला सरळ धारांचाच.

आता मुलाच्या खोक्याकडे येतो, कारण लिहायला बसण्याचं दुसरं कारण तेच.

आमचा मुलगा डिप्लोमाला आहे. दिवाळीत त्यानं ऑनलाईन एक खोकं मागवलं. ड्रिल मशीनला लावायच्या जोडण्या. शंकूच्या आकाराचे दोन बिट, आतली बर काढायला. वाटीसारखा एक, बाहेरची कड मारायला. एक छोटं डबीएवढं हत्यार, ज्याच्या एका तोंडानं आतली आणि दुसऱ्या तोंडानं बाहेरची बर निघते. आणि सगळ्यात खाली, कागदात गुंडाळलेला, एक अडॅप्टर, ज्याच्या एका टोकाला डाय धरणारं डाय हेड बसतं आणि दुसरं टोक ड्रिलच्या चकमध्ये जातं. "बाबा, आता बाकड्यावर लोंबकळायला नको. ड्रिलनंच आटे."

आधी चांगलं सांगतो. शंकूचे बिट उपयोगाचे निघाले. ड्रिल हळू फिरवायचं, ट्रिगर थोडासाच दाबायचा, शंकू तोंडात सरळ धरायचा, तीन-चार सेकंद. वायरिंगच्या लोखंडी कंड्युइटला तर हे वरदानच आहे. तिथं पाण्याचा प्रश्न नाही, पण कंड्युइटच्या तोंडाशी बर राहिली की वायर ओढताना तिचं कातडं सोलून निघतं. ते त्या दिवशी कळत नाही. पावसाळ्यात पाईपला शॉक यायला लागला की कळतं. फॅब्रिकेशनवाल्या एका मित्रानं खोक्यातला एक बिट उसना नेला, तो अजून आलेला नाही.

ते डबीसारखं हत्यार तांब्याच्या नळीसाठी. आमच्या गल्लीत एसी-फ्रिजचं काम करणारा एक जण आहे, त्याला दाखवलं. त्यानं दुकानातच नळीचं तोंड जमिनीकडे केलं आणि खालून हत्यार लावून फिरवलं. चुरा खाली पडला. "मामा, नळी वर तोंड करून धरली तर हे सगळं आत जातंय. फिरत फिरत कॉम्प्रेसरात." मला जीआयची सवय, आम्ही नंतर पाईप आपटून चुरा झाडतो. मऊ तांब्याला आपटून कसं चालेल? पन्नाशीत एक गोष्ट शिकलो, फुकट.

आता अडॅप्टर. अर्धा इंचीवर चालला. मला बरं वाटलं, मुलगा तर हवेतच. मग एक इंची लावला. मी पाईप बाकाला आवळला, कटिंग ऑइल मारलं, डाय तोंडावर दाबून ड्रिल सुरू केलं. दोन आटे छान पडले. तिसऱ्याला डायनं पाईप धरला, आणि डाय थांबल्यावर फिरायचं कुणी? ड्रिलनं. ड्रिल माझ्या मनगटासकट फिरलं. बाजूचा दांडा उजव्या बरगडीखाली बसला आणि मी रॅकवर. एल्बोचं खोकं सांडलं. मुलगा ट्रिगर सोडा, ट्रिगर सोडा ओरडत होता, पण पिरगळलेल्या हाताला ट्रिगर सोडता येत नाही, तो उलट घट्ट दाबला जातो. शेवटी त्यानं पिन उपसली. तीन आठवडे मनगटाला पट्टा होता. बायकोनं त्या अडॅप्टरचं काय करायचं ते सांगितलं, ते इथं लिहित नाही.

चूक अडॅप्टरची म्हणून मी हात झटकणार नाही. आटे पाडताना जेवढा पीळ पाईपवर जातो तेवढाच उलटा पीळ धरणाऱ्यावर येतो. अर्धा इंचीला मनगट पुरतं, एक इंचीला पुरत नाही. आटे पाडायचं जे हातात धरायचं इलेक्ट्रिक मशीन मिळतं, त्याच्यासोबत एक आधाराचा हात येतो. तो पाईपलाच पकडतो आणि मशीनचा उलटा पीळ स्वतःवर घेतो. साइटवर मी कितीदा बघितलंय, हा आधाराचा हात खोक्यातच पडलेला असतो आणि माणूस मशीनला मिठी मारून उभा. माझ्याकडचं मोठं जमिनीवरचं मशीन वेगळ्या तऱ्हेचं. त्यात पाईप फिरतो, डाय जागेवर. कटर, रीमर आणि डाय हेड एकाच गाड्यावर बसवलेले, एक उचलायचा, दुसरा खाली आणायचा. पाय पेडलवर. पाय उचलला की मशीन बंद, ही त्यातली सगळ्यात मोलाची सोय. आणि या मशीनजवळ हातमोजे नकोत, लांब बाह्या नकोत, गळ्यात उपरणं तर नकोच नको. जीआयची कुसळं टोचतात म्हणून पोरं मोजे घालतात. कुसळ टोचलेलं काढता येतं.

तेलाचं एक सांगून टाकतो. गाडीचं जळकं ऑइल वापरू नका. ते घसरायला बरं, कापायला नाही, आणि पिण्याच्या पाण्याच्या लाईनीत ते काळं घालणं मला पटत नाही. कटिंग ऑइल भरपूर मारा, काम झाल्यावर चिंधीनं पुसून घ्या.

डायचे नंबर हा माझा स्वतःचा धडा. डाय हेडमध्ये चार तुकडे बसतात. प्रत्येकावर १ ते ४ आकडा कोरलेला, आणि हेडच्या खाचेवरही तोच आकडा. नवीन माणसाला वाटतं चारही सारखेच, कुठलाही कुठंही घाला. सारखे नसतात. एक इंचीपासून पुढच्या आपल्या पाईपला इंचाला ११ आटे, म्हणजे एका आट्यापासून दुसऱ्यापर्यंत साधारण २.३ मिलिमीटर. एका फेऱ्यात डाय तेवढी पुढं जाते, आणि तो फेरा चौघांत वाटलेला असतो. म्हणून प्रत्येक तुकड्याचे दात आधीच्यापेक्षा पाव पाऊल सरकवून कापलेले असतात, अर्ध्या मिलिमीटरहून जरासे जास्त. पहिल्यानं पाडलेल्या वाटेत दुसरा, दुसऱ्याच्या वाटेत तिसरा.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. ४५ फूट ही धोक्याची पातळी. गावभागात काय झालं असेल ते सांगलीकरांना सांगायला नको. मी आणि मुलानं आदल्या रात्री मोटरी नि ड्रिल वरच्या माळ्यावर टाकले. डायचे डबे राहिले, लोखंडच आहे, काय होतंय म्हणून. पाणी उतरल्यावर शटर उघडलं तर सगळं एकाच रंगाचं झालं होतं, गाळाच्या. डाय डिझेलमध्ये बुडवून ठेवल्या, तारेच्या ब्रशनं घासल्या, वाळवल्या. त्या महिन्यात अख्ख्या शहराला पाईपची कामं होती. पहिलंच गिऱ्हाईक, एक इंचीचे सहा तुकडे. आटे असे पडले की उंदरानं कुरतडावं. मी पुराला शिव्या घातल्या, डायला घातल्या, पाईपला घातल्या. संध्याकाळी हेड उघडून भिंग घेऊन बसलो तेव्हा गंजाच्या डागाखाली आकडे दिसले. २ च्या जागी ३ आणि ३ च्या जागी २. आता प्रत्येक तुकड्याला मी ऑइल पेंटचे ठिपके दिलेत. एक ठिपका, दोन ठिपके. डोळे गेले तरी बोटाला लागतील एवढे जाड.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातनं मागं बोलावणं आलं होतं. बाहेरून आणलेलं मशीन, त्याला हवेची लाईन जोडायची. अर्धा इंचीचं निप्पल, म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेला आखूड तुकडा, मी करून नेलं. हातानं तीन फेरे छान बसलं. पान्यानं आवळलं तर चौथ्याला जड, आणि हवा सोडली की फुस्स. टेप काढला, परत लावला. सुतळी-सफेदा करून बघितला. पुन्हा फुस्स. तिथल्या मेंटेनन्सच्या साहेबांनी आट्याची मापपट्टी आणली, ती दातात नीट बसेना. मशीनचे आटे अमेरिकन जातीचे होते. आपले आटे इंग्लंडातनं आलेले. जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या माणसानं १८४१ मध्ये इंग्रजी आट्यांना एक शिस्त लावून दिली, त्याच घराण्यातले. व्हिटवर्थच्या आट्याचा कोन ५५ अंश, अमेरिकन ६०. गंमत अशी की अर्धा आणि पाऊण इंचीला दोन्हीकडे इंचाला १४ च आटे. म्हणून निप्पल सुरुवातीला सोयऱ्यासारखं आत जातं आणि मग फसवतं. एक इंचीला तसा धोका नाही. आपले ११, त्यांचे साडेअकरा, दोन फेऱ्यांतच भांडण होतं आणि माणूस सावध होतो. त्या दिवशी त्या मशीनसाठी वेगळं जोड आणावं लागलं. माझा अर्धा दिवस गेला, साहेबांनी चहा मात्र दोनदा पाजला.

आता ती गोष्ट, जी मी सहसा सांगत नाही.

बारा-तेरा वर्षं झाली. जत भागातले एक शेतकरी, वयानं माझ्या अण्णांएवढे. बोअर ४०० फुटांचा, मोटर सोडायला सव्वा इंची जीआय पाईप, वीस फुटी वीस नग. पाईप त्यांनी आधीच घेऊन ठेवलेले, पिवळ्या पट्ट्याचे. जीआय पाईपवर पट्टा असतो तो उगीच शोभेला नाही. पिवळा हलका, निळा मध्यम, लाल जड. मी म्हटलं, "काका, बोअरला निळा तरी घ्यायला पाहिजे होता." ते म्हणाले, "मिस्त्री, पैसं पिवळ्याचंच हायती." यावर मी काय बोलणार? मग म्हणाले, "आटं जरा दोन-चार जास्तीचंच पाडा, म्हंजी घट्ट बसंल."

आणि मी पाडले. गिऱ्हाईक म्हणतंय, वयानं मोठं आहे, बाहेर ट्रॅक्टर उभा आहे. पाडले.

पाईपचे आटे निमुळते असतात. सोळा मिलिमीटर पुढं गेलं की व्यासात एक मिलिमीटरचा फरक, अशा हिशेबानं. त्या निमुळतेपणामुळेच आवळताना जोड घट्ट होत जातो. पाईपचं तोंड डायच्या दुसऱ्या बाजूला डायच्या बरोबरीत आलं की थांबायचं. त्यापुढं डाय चालवली की पुढचे आटे निमुळते राहत नाहीत, सरळ होतात. घट्ट बसायचं तर बाजूलाच राहिलं, दोन पाईप जोडणारा सॉकेट नुसता आत आत जात राहतो. आणि जेवढे आटे जास्त, तेवढी पातळ झालेली भिंत जास्त. हिशेब करा. सव्वा इंची पिवळ्या पट्ट्याची भिंत २.६ मिलिमीटर. आट्याची खोली जवळजवळ दीड. राहिला सव्वा मिलिमीटरहूनही कमी पत्रा. निळ्याची भिंत ३.२, तिथं निदान १.७ उरतो. लाल पट्ट्याची ४. आणि मी त्या पिवळ्यावर चार आटे सॉकेटच्या बाहेर उघडे ठेवले होते. आटे पाडताना जस्ताचा मुलामाही निघून जातो, त्यामुळे ते उघडे लोखंड बोअरच्या ओलीत.

चार महिन्यांनी फोन आला. मोटर चालू केली, वर पाणी नाही, आवाज वेगळाच. बोअरची मोटर सुरू होताना अख्ख्या पाईपांना पिळाचा झटका बसतो, दिवसातनं चार-पाच वेळा. खालून तिसऱ्या जोडाशी पाईप तुटला होता, सॉकेटला लागून असलेल्या पहिल्याच उघड्या आट्यात. मोटरीला नायलॉनचा दोर बांधलेला होता म्हणून ती तळाला गेली नाही. पाईप ओढायचा घोडा लावून वर काढायला दीड दिवस लागला. मी तिथं होतो. तुटलेलं टोक वर आलं तेव्हा काका काही बोलले नाहीत, नुसतं माझ्या हातात दिलं. गोल कडेचा निम्मा भाग गंजून तांबडा झालेला, म्हणजे तिथं चीर आधीच पडली होती, आणि उरलेला निम्मा ताजा, चांदीसारखा. त्या चांदीच्या भागाची जाडी मी अंगठ्याच्या नखाशी लावून बघितली. नख जाड वाटलं.

काढायचा खर्च मी दिला. त्यांनी निम्माच घेतला, म्हणाले, "आटं जास्तीचं मीच सांगितलं हुतं." ते टोक दुकानात गणपतीच्या फोटोशेजारी आहे. कुणी 'दोन आटे जास्त पाडा' म्हणालं की मी ते काउंटरवर ठेवतो. बोलायला लागत नाही.

तर ते पाईपवालं पोरगं. त्याला मी नवीन तुकडा करून दिला, आणि कापल्यापासून सगळं त्याच्याकडूनच करून घेतलं. कटर हळू आवळ म्हटलं. रीमर फिरवायला लावला. काडीला चिंधी गुंडाळून दिली. पहिल्यांदा फिरवली तर अडकली. त्यानं माझ्याकडे बघितलं, मी काहीच बोललो नाही. परत रीमर, परत चिंधी. तिसऱ्यांदा ती गोल फिरून सुटी बाहेर आली तेव्हा लेकाचा हसला. मग आटे, मग तेल पुसलं, मग उजेडाकडे धरून दोघांनी आळीपाळीनं डोळा लावला.

जाताना म्हणाला, "मामा, त्या घरात अजून पाच जोड हायत मी केलेले. समदे खोलायचे म्हंजी…" आणि तिथंच थांबला. मी म्हटलं, खोलायचेच. मग त्यानं हळूच विचारलं, रीमर मिळेल का दोन दिवस.

मशीनचा सरळ धारांचा द्यायचा प्रश्नच नव्हता. अण्णांचा पिळाचा दिला, दांड्यासकट. परवा देतो म्हणाला होता. आज सहावा दिवस. पाच जोडांना सहा दिवस लागत नाहीत, पण नीट केले तर लागतीलही.